साडूभाऊंची मधली रेघ

अख्ख्या जुन्या सांगवीत आयर्लंडचा फुटबॉल खेळून कप जिंकलेला माणूस एकच आहे, तो माझा साडू आहे, आणि हे ऐकून आजवर एकानेही "अरे वा" म्हटलेलं नाही. लोक आधी खेळाचं नाव विचारतात आणि तिथेच सगळा बट्ट्याबोळ होतो. "कसला फुटबॉल?" "गेलिक." "कुठं गेली?" इथून पुढे साडूभाऊंनी कितीही हातवारे केले तरी समोरचा माणूस कुणीतरी बाई कुठेतरी गेली याच काळजीत असतो. आमच्या सासूबाईंनी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकट्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, तातडीने फोन लावून "तू घरीच आहेस ना गं?" असं विचारून घेतलं होतं.

हा खेळ हातानेही खेळतात आणि पायानेही. बॉल हातात धरून चार पावलं पळायचं, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाने टोलवून परत हातात घ्यायचा, असा काहीतरी नियम आहे. साडूभाऊ परत येऊन बरेच दिवस झाले, पण नियम अंगातून गेलेला नाही. एकदा आम्ही दोघं मारुतीच्या देवळात निघालो होतो. नारळ त्यांच्या हातात. वाण्याच्या दुकानापासून मोजून चार पावलं गेले आणि हात आपोआप सुटला, पाय आपोआप वर आला. पायाच्या अंगठ्यावर नारळ वाढवणारा दुसरा भक्त मारुतीने पाहिला नसेल. तसंच हवेतून येणाऱ्या वस्तूचं. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून पुढे कुणी डबा फेकला, की साडूभाऊ मधल्या मधे दोन माणसांच्या डोक्यावरून उडी मारून तो छातीशी घट्ट धरतात. त्यांच्या शिफ्टची माणसं आता डबे फेकत नाहीत, शहाण्यासारखे हातोहात देतात.

मुळात साडूभाऊ कबड्डीवाले. सांगवीचं जुनं घर, नदीकाठच्या मातीत लहानपण गेलेलं, नोकरी चाकणला, गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. कंपनीने त्यांना आयर्लंडच्या प्लांटमध्ये प्रेस बसवायला सहा महिन्यांसाठी पाठवलं. ताई, म्हणजे त्यांची बायको, दापोडीच्या शाळेत शिकवतात. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्या इथे आणि हे तिथे. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. रोज फोन व्हायचा, आणि फोन ठेवताना ताई रोज एकच विचारायच्या, "येताय ना?" तिकडून उत्तर यायचं, "व्हय, येतोय की."

येतोय म्हणणारा माणूस तिकडे भलताच रमला होता. प्लांटशेजारच्या गावाची टीम होती, कोच म्हणजे तिथला एक गायीवाला शेतकरी. कुंपणाशी उभा असलेला हा रुंद खांद्यांचा गडी पाहून त्याने आत बोलावलं, आणि बिचाऱ्याला पुढे कित्येक रविवार पस्तावावं लागलं. पहिल्या सामन्यात साडूभाऊंनी सूर मारून एका लालबुंद माणसाचा घोटा धरला. शिट्टी वाजली तरी सोडेनात, कारण त्याचा दम सुटायची ते वाट बघत होते. दुसऱ्या सामन्यात बॉल यांच्याच हाती आला. तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू, दोघांना चकवलं, तिसरा आपटला, समोर एकटा गोलकीपर आणि नुसती लाथ मारायची बाकी. तेवढ्यात गोलकीपरचा हात यांच्या खांद्याला लागला. झालं! साडूभाऊ बॉलसकट गर्रकन वळले, आल्या वाटेने सुसाट मागे पळाले, मैदानाच्या मधल्या रेघेपलीकडे पाय टाकला आणि दोन्ही हात वर करून नाचले. गडी बाद करून परत आलो, आता पॉइंट द्या! कोच कपाळाला हात लावून गवतातच बसला. पण माणूस हुशार. हा मागेच पळतो तर याला मागेच ठेवू म्हणून त्याने साडूभाऊंना गोलापुढे उभं केलं, आणि तिथे या माणसाने भिंत बांधली.

"पगार किती देतात?" आमच्या सासऱ्यांनी फोनवर विचारलं होतं.

"काय बी न्हाई. गावासाठी खेळायचं."

"मग आपल्या गावात काय वाईट होतं?" सासरे म्हणाले. साडूभाऊ नुसते हसले.

मग जिल्ह्याची फायनल आली. शेवटच्या क्षणी बॉल गोलासमोर उंच आला, खाली तीन ताडमाड माणसं, आणि त्या तिघांच्या वरून साडूभाऊंनी तो छातीशी घेतला. गाव एका पॉइंटने जिंकलं. यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. त्या गर्दीतून यांनी ताईंना व्हिडिओ कॉल लावला. ताईंना दिसलं ते एवढंच: चिखलाने माखलेला एक खांदा आणि कुणाचातरी कान. तरी त्या टाळ्या वाजवत होत्या.

त्याच आठवड्यात तिथल्या प्लांटने कायमची नोकरी देऊ केली. गावाने घरसुद्धा बघून ठेवलं. त्या दिवशी फोन ठेवताना ताईंनी नेहमीसारखं "येताय ना?" विचारलं आणि तिकडून आलं, "नंतर बोलू." मी आणि बायको पिंपळे सौदागरहून डबा घेऊन सांगवीला गेलो, तर ताई घडी घातलेलेच कपडे उलगडून पुन्हा घडी घालत होत्या. एरवी मी या घरात चेष्टा केल्याशिवाय पाणी पीत नाही, पण त्या दिवशी मला खरंच भीती वाटली.

पुढच्या महिन्यात साडूभाऊ आले. आणायला मीच गेलो होतो. गाडीत न राहवून विचारलं, "अहो, कप जिंकलात, नोकरी देत होते, घर देत होते. आलात कसे?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साडूभाऊ, तिकडं कितीबी गडी मारा. रेघेच्या अलीकडं आल्याबिगर पॉइंट न्हाई मिळत, राव."

मी यावर काहीतरी विनोद करणार होतो. त्याऐवजी गाडी सांगवीच्या दिशेने जरा जोरात घेतली.

आता रविवारी संध्याकाळी ते नदीकाठच्या जुन्या कबड्डीच्या मैदानावर दोन बांबू रोवतात. त्या गावाने दिलेला बॉल असतो, आणि खेळायला मी असतो, म्हणजे कुणीच नसतं. परवा त्यांनी बॉल असा मारला की बांबूंच्या वरून थेट नदीच्या बाजूच्या झुडपांत गेला. बॉल मारला की हा माणूस वळून मागे पळतो हे मला पाठ आहे. पण परवा वळले नाहीत. बॉल गेला तिकडे बघत उभेच राहिले. गेलिक म्हणजे काय आणि कुठं गेलं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं असावं.

मैदानाच्या कडेला ताई उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग हाक मारली, "अहो, येताय ना?"

साडूभाऊ वळले. "व्हय, येतोय की," म्हणत पळत आले, कबड्डीच्या मैदानाची पुसट झालेली मधली रेघ ओलांडली आणि ताईंसमोर दोन्ही हात वर केले.

ताई म्हणाल्या, "बॉल आणा आधी."