भीतीच्या टोकाला काटा

“विकलं सगळं,” यजमान म्हणाले आणि मोबाइल खाटेवर पालथा टाकला. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे त्यांनी शेअरमध्ये घातले होते. निम्मेही परत आले नाहीत.

मी चौथी शिकले. शेअर मला कळत नाहीत, केळी कळतात. नशिराबादजवळ आमची बाग. केळीचा भाव पडला की लोक घाबरतात, कोवळे घडसुद्धा कापून देऊन मोकळे होतात. मग थोड्याच दिवसांत कुणाच्या बागेत माल उरत नाही, व्यापारी दारात येतो आणि भाव चढतो. यजमान अशा वेळी कापणी थांबवून बसायचे. जन्मभर त्यांचं बरोबर आलं. गाव रडायला लागलं की हे खूश.

म्हातारपणी त्यांना मोबाइलवर एक काटा सापडला. अर्धा गोल, एका टोकाला भीती, दुसऱ्या टोकाला हाव. शेअर बाजारात लोक किती घाबरलेत ते तो दाखवतो म्हणे. त्यांना वाटलं, हे तर आपलंच काम. काटा भीतीकडे गेला की घ्यायचं. सुरुवातीला जमलंही.

माझा भाऊ दोंडाईच्याला मिरचीचा धंदा करतो. तो आला तेव्हा काटा भीतीच्या टोकाला टेकलेला आणि यजमान खुशीत.

“दाजी, तुमनी केळी सडस, म्हनीसन भाव फिरस,” भाऊ म्हणाला. “हाई शेअरना कागद सडस का?”

“तू मिरच्या वाळव.”

“वाळाडस ना! पन मिरची वरीसभर पडी ऱ्हास, तरी भाव येत नही.”

मी म्हटलं, “आधी माझे गुडघे करा, मग काटा बघा.”

“दोन्ही गुडघे करू. जळगावला, स्पेशल खोलीत. जरा थांब.”

थांबले. काटा टोकालाच राहिला. त्याला पुढे जायला जागाच नव्हती, शेअरच्या भावाला मात्र खाली जायला होती. यजमान थोडं थोडं घेत गेले आणि पैसे संपले. मग त्यांची झोप गेली. जेवताना घास हातात राहायचा. जन्मात कधी घाबरून घड न कापलेल्या माणसाने एका सकाळी सगळं विकलं. त्या दिवशी काट्याने लोकांची जी भीती दाखवली, तिच्यात आमच्या घरचीही होती.

पुढे बाजार चढला. त्यांनी पाहिलं. त्यानंतर कुणी केळीचं विचारायला आलं, आता कापू की थांबू, तर म्हणायचे, “मला नका विचारू.” केळीत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गुडघ्यांपेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटतं. जे येत होतं तेही सोडून दिलं.

मागच्या थंडीत ते गेले. मी आहे. काठी घेऊन चालते.