वायरमनच्या खांद्यावरचं हँडल

लोणावळ्याला पावसात वीज सारखी जायची, म्हणून आम्ही बंगल्यावर जनरेटर बसवला. पण वीज गेली की एक वायरमन आधी आमच्या पडवीत यायचा, जनरेटर फिरवायचं लोखंडी हँडल खांद्याला अडकवायचा आणि ते घेऊनच समोरच्या खांबावर चढायचा; तो उतरेपर्यंत जनरेटर सुरूच करता यायचा नाही. मी चिडून त्याला स्विच दाखवला. दांडा वर केला की बाहेरची लाइन, खाली केला की जनरेटर. आमची वीज खांबावर जाऊन तुला शॉक बसणारच नाही!

“बराबर हाय सायेब,” तो म्हणाला, “पर हँडल माज्यापाशी असलं की वर हात थरथरत न्हाई.”

मग जनरेटर घेतला तरी कशाला, हेच मला कळेना.

पुढं त्याच्या जागी दुसरा आला. तो हँडल न घेताच खांबावर चढला. मी खुशीत स्विचपाशी गेलो, आणि दांडा वर की खाली, काही केल्या आठवेना. शेवटी खांबाखाली जाऊन उभा राहिलो, हँडल खांद्याला अडकवून.