मिठापर्यंतची प्रार्थना

आजोबांच्या अंत्यविधीत पाळकसाहेब म्हणाले, "आपला हा भाऊ प्रार्थनेचा माणूस होता," आणि मागच्या बाकांवरच्या निम्म्या मंडळींनी तोंडाला रुमाल लावले. नवख्या माणसाला वाटलं असतं, रडतायत. ते हसू दाबत होते. त्यांतला प्रत्येकजण कधी ना कधी आमच्याकडे जेवायला आला होता आणि सगळं गार झाल्यावर जेवून गेला होता.

आजोबांची जेवणाआधीची प्रार्थना लांब असायची. किती लांब ते मला नेमकं माहीत आहे, कारण मी ती मोजली आहे. सातवीत असताना धावण्याच्या शर्यतीसाठी बाबांनी मला स्टॉपवॉच आणून दिलं. शर्यतीत मी शेवटून दुसरी आले, पण घड्याळ वाया जाऊ दिलं नाही. टेबलाखाली धरून ते आजोबांना लावलं. सव्वाचार मिनिटं. नववीत पुन्हा मोजलं तर वीस मिनिटं दहा सेकंद.

बाबा म्हणाले, "म्हातारपणी माणूस एक तर सगळं विसरतो, नाहीतर त्याला सगळं आठवतं. आपल्या नशिबी आठवणारा आलाय. जेव आता."

आजोबा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर होते. चादरी उकळायला लागणारी वाफ त्यांनी चौतीस वर्षं बनवली. प्रत्येक पाळीला त्यांची फेरी ठरलेली. आधी काचेच्या नळीतली पाण्याची पातळी, मग दाबाचा काटा, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग पंप आणि शेवटी भट्टीचं दार. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. देवाशी बोलतानाही तसंच. आधी डोक्यावरचं छप्पर, मग आजारी, मग विधवा आणि अनाथ, मग राज्यकर्ते, मग घरातली माणसं थोरापासून पोरापर्यंत, आणि सगळ्यात शेवटी ताट. देव म्हणजे वरच्या ऑफिसातला मोठा इंजिनियर आणि हे त्याला रोजचा रिपोर्ट देतायत, असा एकूण थाट.

रिपोर्टात भीडभाड नसायची. "हे देवबापा, गणितात एकवीस मार्क मिळवून पेपर कठीण होता म्हणणाऱ्या माझ्या मुलाला खरं बोलायला शिकव." बाबा आता एकोणपन्नास वर्षांचे आहेत. ते एकवीस मार्क गेल्या आठवड्यापर्यंत देवाच्या कानावर जात होते. "वरच्या मजल्यावरच्या बंधूला आशीर्वाद दे आणि कपडे पिळून वाळत घालायची बुद्धीही दे." हे म्हणताना खिडकी उघडी असायची.

शेवटचं ताट म्हणजे आजी.

"आणि प्रभू, ज्या हातांनी हे अन्न शिजवलं त्यांच्यावर कृपा कर. मीठ टाकताना ते हात आजही आखडले."

आजी डोळे मिटूनच उत्तर द्यायची, "प्रभू, ह्यांना सांग, बॉयलरचा दाब कळतो, स्वतःच्या रक्ताचा कळत नाही. मीठ तेवढंच मिळेल."

"प्रभू, तू ऐकलंस."

"प्रभू, तू डॉक्टरांचंही ऐकलं होतंस."

"येशूच्या नावाने मागतो, आमेन."

पन्नास वर्षं त्यांनी देवाला मधल्या खुर्चीवर बसवून भांडण केलं. थेट भांडण मी एकदाही पाहिलं नाही. प्रार्थना वीस मिनिटांची झाली ती देशांमुळे. राज्यकर्त्यांनंतर आजोबा एकेका देशाचं भलं मागायला लागले, अक्षरानुसार. आजीने त्याचाही उपयोग करून घेतला. पूर्वी ती छपराच्या वेळी अंडी उकळायला टाकायची. मग अंडी रबरासारखी व्हायला लागल्यावर तिने ती 'क'वरच्या देशांपर्यंत लांबवली. 'क' आला की एक डोळा उघडून उठायची, अंडी पातेल्यात सोडायची आणि परत येऊन हात जोडायची.

दफन आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. आजीला साखरेचा आजार. आत्या नर्स आहे. तिने चपला काढायच्या आधी आजीला इन्सुलिन टोचलं. जेवण वरच्या मजल्यावरच्या त्याच बंधूच्या बायकोने पाठवलं होतं. अंडी, पाव, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. पाळकसाहेब आमच्याबरोबर बसले आणि त्यांनी प्रार्थना केली. सुंदर केली. 'अनंत विसावा' वगैरे शब्द होते. सगळ्यांनी आमेन म्हणून हात पुढे केले. आजीचे हात मांडीवरच.

"आई, जेव ना," आत्या म्हणाली.

"प्रार्थना होऊ दे."

"आत्ता झाली ती?"

"ती त्यांची झाली. जेवणाची व्हायचीय."

पाळकसाहेबांचा चेहरा लायसन जप्त झालेल्या ड्रायव्हरसारखा झाला. मग बाबांनी हात जोडले, "देवा, अन्नाबद्दल धन्यवाद, आमेन."

"दारावरची घंटी वाजवून पळ काढल्यासारखं काय ते?" आजी म्हणाली.

आत्याने प्रयत्न केला. "प्रभू, माझ्या आईला अक्कल दे, तिची शुगर खाली जाईल आणि..."

"देवासमोर ड्युटी नको करूस."

पंचवीस मिनिटं झाली. आजीच्या कपाळावर घाम आला. टेबलक्लॉथच्या कडेवर तिची बोटं थरथरायला लागली. आत्याने साखरेचं पाणी केलं, तर आजीने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"हिचं नेहमीचंच आहे," आत्या माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली. "टोचल्यावर वीस मिनिटं थांबायचं, मग खायचं. इतकं साधं. पण टोचलं की लगेच ताटावर बसायची. शुगर कायम चढलेली. घड्याळ दाखवलं तर घड्याळावर चिडायची. शेवटी तुझ्या आजोबांना सांगितलं, तुम्हीच बघा. काय केलं कोण जाणे, पण त्यानंतर एकदाही चुकली नाही."

"कधी सांगितलं होतंस?"

"इन्सुलिन सुरू झालं तेव्हा. तू आठवी-नववीत असशील."

स्टॉपवॉचचे दोन्ही आकडे माझ्या डोळ्यांसमोर आले. म्हणजे सकाळी चर्चमध्ये ज्यांच्या भक्तीचं कौतुक झालं, त्या गृहस्थांनी बारा वर्षं देवाला स्वयंपाकघरातलं घड्याळ म्हणून वापरलं होतं.

मी देव मानते की नाही, हे माझं अजून नीट ठरलेलं नाही. पण ती प्रार्थना मला तोंडपाठ होती. वीस मिनिटं आधीच उलटून गेली होती, त्यामुळे देशांची गरज नव्हती. मी आजोबांच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि थेट भट्टीच्या दारापाशी आले.

"हे देवबापा, गणितात एकवीस मार्क मिळवणाऱ्या माझ्या बाबांवर कृपा कर."

"आता तूही?" बाबा पुटपुटले.

"आणि प्रभू, आजचं जेवण वरच्या मजल्यावरून आलंय. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच या टेबलावर मीठ बरोबर पडलंय."

आत्याने टेबलाखालून मला लाथ मारली.

"प्रभू," आजीचा आवाज आला, जरा घोगरा, "हिला सांग, चाखल्याशिवाय बोलू नये."

मी डोळे किलकिले केले. आजीने बटाटा उचलला. अर्धा तोंडात टाकला, चावला, गिळला. आत्याने हळूच साखरेचं पाणी पुढे सरकवलं.

"नुसतं खारट," आजी म्हणाली. साखरेचं पाणी घटाघटा प्यायली आणि उरलेला बटाटाही खाल्ला. "ह्यांनी असलं खाल्लं असतं तर दहा वर्षं आधीच गेले असते. आमेन म्हण ना, काय बघत बसलीस?"

"येशूच्या नावाने मागतो, आमेन," मी म्हणाले. पाळकसाहेबांचा आमेन सगळ्यात मोठा होता.

बोटांची थरथर थांबल्यावर मी तिला विचारलं, "आजी, ते देश कशासाठी होते, तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? ज्या माणसाला मागच्या गल्लीचं नाव लक्षात राहत नव्हतं, तो नकाशा पाठ करत बसला होता. न्हाणीघरात. मला सगळं ऐकू यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पाठांतर बंद केलं असतं. एवढी मेहनत करत होते, करू दिली." तिने अंडं सोलायला घेतलं. "अंडीही बरी व्हायची."

आत्याने दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरासाठी टायमर आणला. आजीने तो दोन दिवस वापरला आणि खणात टाकला. तो वाजतो, पण त्याला उलट उत्तर देता येत नाही, अशी तिची तक्रार.

त्यामुळे आता मी करते. मी एका रंगाच्या कारखान्यात दाबाचे आणि तापमानाचे काटे तपासते. दुपारी एक वाजता कंट्रोल रूमच्या मागच्या जिन्यावर बसून आजीला फोन लावते. माझ्याबरोबरच्यांना वाटतं, माझं कुठेतरी जमलंय आणि तो मुलगा जरा अवघड आहे. छप्पर, आजारी, विधवा आणि अनाथ, राज्यकर्ते. देश मी मोबाईलवरून वाचते, आजोबांसारखे पाठ नाहीत. 'क' आला की पलीकडे पातेल्यात अंडी सोडल्याचा आवाज येतो.

काल खालून एका पंपासाठी मला बोलावणं आलं. मी घाईघाईने घरची माणसं उरकली, आमेन म्हटलं आणि फोन ठेवणार होते.

"प्रभू," पलीकडून आवाज आला, "हिला सांग, मीठ राहिलंय."