घासलेले नंबर

माझा स्वभाव तापट आहे असं माहेरीही म्हणतात आणि सासरीही. दोन्हीकडच्यांचं बरोबर आहे. पण त्या एप्रिलमध्ये मी जशी चिडले, तशी त्याआधी कधी चिडले नव्हते आणि तो राग मी आजवर सोडलेला नाही.

मिरजेत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आप्पांना मोतीबिंदू झाला होता, हात कापायचे, त्यामुळे टेबलावरचं बारीक काम तीन वर्षं मीच करत होते. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका झालेली, सव्वीस वर्षांची घोडी मी, पण गिऱ्हाइकांना वाटायचं की आप्पांना चहा द्यायला आलेय. मला ते दुकान हवं होतं. लग्न सांगलीत ठरलं होतं, आणि सांगली-मिरज ते काय अंतर, मी रोज येऊन बसले असते. आप्पांनी मात्र ते फौजेतल्या दादासाठी राखून ठेवलेलं. दादाला साधा फ्यूज बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागायची.

तर कोरेगावचे एक बागायतदार आपली लाल, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन दुकानासमोर उभे राहिले. गाडी अजून जोरात पळावी म्हणून त्यांनी इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर काढून पुण्याच्या एका माणसाकडून दुसराच बसवून घेतला होता. सकाळी गाडी झकास चालायची. तापली की चारातला एक सिलिंडर बंद. पुण्याचा माणूस म्हणाला, कॉम्प्युटरचा सगळा डबाच नवा घ्या. आप्पांनी कधीकाळी यांच्या ओळखीतल्या कुणाचं वायरलेस दुरुस्त केलं होतं, म्हणून हे इकडे आले.

मी डबा उघडला. इंजिनात पेट्रोल सोडणारे चार इंजेक्टर, आणि त्यांना चालवणारे चार ट्रान्झिस्टर ओळीनं उभे. चौघांवरचे नंबर कानशीनं घासून टाकलेले! नंबर नसला की त्या जागी दुसरा कुठला बसवायचा ते कळत नाही, गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात. माझ्या तोंडून शिवी गेली. आप्पांनी त्या चौघांवरून बोट फिरवलं आणि चक्क हसले.

"हुशार गडी हाय. जलम गेला तरी दुसऱ्याला कळायचं न्हाई."

हसणारच. आप्पा स्वतः तेच करायचे. आमच्या दुकानातून गेलेल्या निम्म्या रेडिओंत नंबर घासलेले सुटे भाग आहेत. दादा सुट्टीवर आला की त्याला शेजारी बसवून ते नंबर सांगायचे, आणि दादा जांभया द्यायचा. मी जवळ गेले की विषय बदलायचा. मी जे शिकले ते पुस्तकातून आणि मीटर लावून, कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

त्या डब्यावरही मीटर लावला. दोन दिवस गेले. तिसऱ्या ट्रान्झिस्टरला डब्याच्या अंगाशी धरणारा स्क्रू अर्धवटच आवळलेला होता, त्यामुळे त्याची उष्णता बाहेर जातच नव्हती आणि तो भाजून निघाला होता. पुण्याच्या शहाण्यानं नंबर घासायला वेळ काढला, स्क्रू आवळायला नाही. उरलेल्या तिघांच्या पायांना मीटर लावून मी त्यांची जात ओळखली. तसा नवा ट्रान्झिस्टर लावला, खाली अभ्रकाची चकती, वर स्क्रू घट्ट. तडे गेलेले सोल्डरचे टाके पुन्हा भरले. हादऱ्यानं हलणाऱ्या वायरी शेजारच्या तंबोरेवाल्याकडचं लाखेचं पॉलिश घालून बसवल्या.

भर दुपारी बागायतदार माधवनगरपर्यंत तीनदा जाऊन आले. गाडी एकदाही अडखळली नाही. "आप्पा, तुमच्या हाताला तोड न्हाई," असं म्हणून ते जेवायला गेले. आप्पांनी नुसती मान हलवली.

झाकण कायमचं बसवायला मी डबा परत टेबलावर घेतला, तर आप्पांनी कानस पुढं केली.

"नव्याचा नंबर घास."

"मी न्हाई घासायची."

"आगं, उद्या त्यो पुण्याचा उघडंल आन् शिकंल."

"शिकू दे की. आप्पा, तीन वर्षं मी हितं राबतीय. मला एक तरी नंबर सांगितला का तुमी?"

"तुला सांगून काय करू? तू जानार सांगलीला. तितं नवरा दुकान टाकंल आन् माझंच गिऱ्हाईक तोडंल."

हे ते अगदी सहज बोलले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग घासा तुमीच," म्हणून मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले.

वळून बघितलं तर आप्पा डब्याला नाक लावून कानस चालवत होते. हात घसरला. बोर्डावरची तांब्याची एक रेघ तुटली, आणि ते त्यांना दिसलंच नाही. समाधानानं फुंकर मारून त्यांनी कीस उडवला.

मी गप्प बसले असते तर गाडी त्याच सिलिंडरवर पुन्हा लंगडली असती, चार माणसांत, आणि नाव आप्पांचं गेलं असतं. मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू, दोन-चार मिनिटं मला ते अगदी मनापासून हवं होतं. मग मी टेबलाशी जाऊन बसले आणि तुटलेल्या रेघेवर वायर जोडली. वडिलांची अब्रू राखायला नाही. ते काम माझं होतं.

"काय करतीस?" आप्पांनी विचारलं.

"तुमी तोडलंसा ते जोडतीय."

बागायतदार आले, आप्पांच्या पाया पडले, गाडी घेऊन गेले.

दुकान दादालाच मिळालं. त्यानं दोन वर्षांत गाळा भाड्यानं दिला. आप्पा शेवटच्या आजारपणात माझ्याकडे होते. मी त्यांना भरवलं, अंग पुसलं, आणि रोज वाट बघितली की आता तरी काही सांगतील. दादा कधी येणार, एवढंच विचारत गेले.

तिसऱ्या इंजेक्टरला मी लावलेला ट्रान्झिस्टर टीआयपी १२२ होता. बाजारात कुठंही मिळतो. लिहून घ्या.