रजिस्टरची तांड्यावरची प्रत

नव्वदच्या दशकात मी सेनगावजवळच्या एका शाळेत शिकवत होते. एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी ऑफिसात शिरलं. हेडसर बैठकीला परभणीला गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. आम्ही दारात उभं राहून नुसतं बघत राहिलो. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये गावातल्या प्रत्येक लेकराची जन्मतारीख होती. त्याची अर्धी पानं विरघळली.

सर परतले. "चूक माझी हाय," म्हणाले, "सगळं मी एकट्यानं धरून ठेवलं."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवलं, शिपाई मावशींनाही. पुन्हा पाणी आलं तर पोरांना कोण नेणार, कागद कोण उचलणार, दुसऱ्या दिवशी शाळा कुठं भरवायची, एकेकानं एकेक काम मागून घेतलं. किल्ल्या तिघांत वाटल्या. रजिस्टरची नक्कल उतरवायचं काम माझ्याकडे आलं. "झाली की माझ्या घरी ठेवा," सर म्हणाले.

बैठकीत कधी न बोलणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं घर बी वढ्याकाठालाच हाय. आमचा तांडा माळावर हाय. माझ्या पेटीत ठेवा."

सर हसून म्हणाले, "मावशी, हे मला काहून सुचलं न्हाई?"

तो हिवाळाभर आम्ही दोघी दुपारी वऱ्हांड्यात बसायचो. मावशींना वाचता येत नव्हतं. पण तारीख पुसलेली असली की मी नाव वाचायचे आणि त्या म्हणायच्या, "हे पोरगं? ह्याच्या आईला तुरीच्या वावरात कळा आल्या व्हत्या." मग त्या पोराच्या घरी जाऊन लसीचं कार्ड मागून आणायच्या.

काही वर्षांनी पाणी पुन्हा आलं. त्या दिवशीही सर गावात नव्हते, पण कुणी कुणासाठी थांबलं नाही. पोरं वेळेत बाहेर निघाली. कपाट मात्र उघडायच्या आतच रजिस्टरासकट वाहून गेलं. चौथ्या दिवशी मावशी खताच्या गोणीत गुंडाळलेली नक्कल डोक्यावर घेऊन आल्या. "बघा बाई, कोरडं हाय बराबर."

माझी बदली झाली तेव्हा त्या एसटीपर्यंत आल्या. "नवी नावं आता कोण लिहील?"

"नव्या बाई लिहितील."

"त्या मला इचारतील व्हय?"

गाडी सुटली. पुढच्या शाळांमध्ये आपत्ती समित्यांच्या याद्या भिंतीवर रंगवलेल्या पाहिल्या. तिथल्या शिपाई मावशींना आपलं नाव तिथं असल्याचं ठाऊकही नसायचं. तेव्हा मला त्या वऱ्हांड्याची फार आठवण यायची. अजूनही येते.