अ‍ॅक्सेस काढला त्या दिवशी

"हात बघा कसे थरथरतायत. कोट्यात टायपिंग शिकवत नाहीत वाटतं."

अद्वैत हे मराठीत बोलला. कॉलवरचा क्लायंट परदेशातला, त्याला मराठी कळत नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. सगळे हसले.

अद्वैत माझा टीम लीड. अंधेरीच्या त्या ऑफिसात सर-मॅडम म्हणायचं नाही. सगळे सारखे, म्हणून नावानेच हाक मारायची. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवते. माझं काम टेस्टिंगचं. अ‍ॅपच्या मागचा सर्व्हर बरोबर उत्तरं देतो की नाही ते बघायचं. बाकीचे त्यासाठी बटणांचं, रंगीत सॉफ्टवेअर वापरतात. मी कमांड लाइनवरचं टूल वापरायचे. नुसती काळी खिडकी. तिच्यात सर्व्हरचा पत्ता टाकायचा. जोडलं गेलं की कर्सर लुकलुकत थांबतो. आपण एक ओळ विचारायची, सर्व्हर तिथल्या तिथे उत्तर देतो. परत विचारायचं, परत उत्तर. समोरासमोर बसून बोलल्यासारखं. घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वर अभ्यासिका आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर जड काही चालायचं नाही, हे चालायचं. म्हणून हेच शिकले. नाद लागला त्याचा.

त्या दिवशी सगळं क्लायंटला दाखवायचं होतं. माझा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला जोडलेला. मी पत्ता टाकला. जोडलं गेलं. डॉक्टरांच्या वेळा मागणारी ओळ टाकली.

उत्तर आलं, चारशे तीन. म्हणजे, तुझं म्हणणं कळलं, पण तुला परवानगी नाही.

परत टाकली. चारशे तीन.

आदल्या संध्याकाळी हीच ओळ, ह्याच लॉगिनने, व्यवस्थित चालली होती. कोणीतरी माझा अ‍ॅक्सेस काढला होता. आणि तो काढायचा अधिकार टीममध्ये एकट्या अद्वैतला. हे कळलं आणि हात थरथरायला लागले. तेव्हाच तो ते वाक्य बोलला.

मी म्हटलं, "अद्वैत, माझा अ‍ॅक्सेस काढलाय."

"बहाणे नकोत यार. सरक."

तो माझ्या खुर्चीत बसला. स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. मी लिहिलेलीच ओळ टाकली. उत्तर धडाधड उतरलं. "बघ. चालतंय की." मग क्लायंटला इंग्रजीत सांगितलं, ही अजून शिकतेय, सांभाळून घ्या. क्लायंट माझ्याकडे बघून हसला. मी पण हसले. उभ्या उभ्या. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

कोटा म्हणे. ह्या कंपनीत कोटा नाही. ज्या मुलाखती बाकीच्यांनी दिल्या, त्याच मी दिल्या. पण थोड्या दिवसांपूर्वी मी चौदा एप्रिलला जयंतीची सुट्टी मागितली होती. अद्वैतने लॅपटॉपवरून मान वर केली. "अच्छा. म्हणजे तुम्ही ते." रोज तू म्हणणारा माणूस. एकदम तुम्ही. त्यानंतर माझी कामं एकेक करून दुसऱ्यांकडे जायला लागली.

मीटिंग संपल्यावर मी वॉशरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. मागून शलाका आली. माझ्या शेजारी बसणारी, माझ्याच डब्यात जेवणारी.

"सोड ना यार. तो सगळ्यांशीच असा वागतो."

"तुझ्याशी वागला कधी?"

तिने आरशात बघत केस नीट केले. मग म्हणाली, "माझं नोकरीचं कन्फर्मेशन बाकी आहे गं. मी काय करू?" तिने नळ बंद केला आणि गेली.

घरी आईला सांगितलं. आई मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती, आता गुडघ्यांमुळे घरीच असते. तिने सगळं ऐकून घेतलं. मेथी निवडत होती, हात थांबला नाही तिचा.

"सॉरी म्हण नि मोकळी हो."

"माझं काय चुकलं आई?"

"चुकलं कोण म्हणतंय? माझ्या हातनं कधी काय फुटलं न्हाई. तरी म्हनायची. नर्सला म्हनायची, डॉक्टरीनबाईला म्हनायची. त्याच्यावरच शिकलीस तू."

तिच्यावर रागवू? कशी रागवू?

दुसऱ्या दिवशी अद्वैतने केबिनमध्ये बोलावलं. एकदम गोड आवाज. "क्लायंटसमोर आपली वाट लागली असती काल. टीमसमोर एकदा सॉरी म्हण, विषय संपला. लगेच तुझा अ‍ॅक्सेस परत देतो."

परत देतो. म्हणजे काढलाच होता. माझ्या तोंडावर कबूल करत होता, आणि त्याला त्याची लाजही नव्हती.

तोंडात सॉरी आलं होतं. खरं सांगते, अगदी ओठावर. आणि मला आईची मेथीतली बोटं दिसली.

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

"काय?"

"सॉरी नाही म्हणणार."

फार मोठ्याने नाही बोलले. आवाज चिरकलाच. पण बोलले.

त्याच दिवशी मला प्रोजेक्टवरून काढलं. तेव्हापासून मी डेस्कवर नुसती बसते. मला मेल येत नाहीत. मीटिंगला बोलावत नाहीत. शलाका कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसते. मी एचआरकडे लेखी तक्रार दिली. एचआरच्या बाई चांगल्या बोलल्या, पाणी दिलं. मग विचारलं, "त्यांनीच काढला, प्रूफ आहे का?"

आहे. कोणी काढला, कधी काढला, सगळी नोंद सर्व्हरवरच असते. पण मला तो सर्व्हर आता उघडता येत नाही. "तुम्ही मागवा ना," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "ते लीडच्या परवानगीशिवाय नाही मिळत."

लीड म्हणजे अद्वैतच. कुठे जाऊ?

मग त्यांनी माझी तक्रार माझ्याकडे सरकवली. "ह्यातला जात हा शब्द काढा. आपल्याकडे असलं काही नसतं. गैरसमज असं लिहा, मी आजच बंद करते. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय."

मी ती घेतली नाही. टेबलावर तशीच ठेवून उठले.

पुढे काय होईल माहीत नाही. बहुतेक काढतील. कामात कच्ची म्हणून काढतील आणि पुढची कंपनी ह्यांनाच फोन करून विचारेल. सॉरी म्हटलं नाही, हे आईला अजून सांगितलेलं नाही. माझ्या बाजूने त्या मजल्यावर एक माणूस उभा नाही.

तरी तो शब्द मी काढणार नाही. राजीनामाही देणार नाही. हाकलायचं असेल तर त्यांनी हाकलावं, स्वतःच्या सहीने. माझी जात काढली होती, म्हणून जात लिहिली आहे, आणि तक्रार घेऊन पुढच्या दारात गेले तरी जातच लिहीन.