बिनफाशाचा दोर

आमच्याकडे बैलजोडी होती तोवर दोर कधी विकत आणला नाही. बांधावर अंबाडी असायची. ती भिजवून, सोलून, वाळवून सासरे घरीच दोर वळायचे, आणि पोळ्याला गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात नवा दोर असायचा. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. रिकाम्या गोठ्याकडे बघत नाना नुसते बसून राहायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने सारंगखेड्याच्या बाजारातून एक पांढरी घोडी आणली. आमच्या धरणगावच्या बाजूला लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्यासाठी घोडी जाऊ लागली आणि तिला धरून पुढे चालायचं काम नानांकडे आलं.

घोडीबरोबर दुकानातला नायलॉनचा दोर आला होता, हिरवा, चकचकीत, टोकाला हात घालायला फासा असलेला. नानांनी तो बैलाचा कासरा धरावा तसा धरला. फासा मनगटात आणि वरून दोराचा एक वेढा तळहाताला. जन्मभर असंच धरलेलं. बैलाच्या बाबतीत ते चालून जातं, कारण बैल ओढ घेण्याआधी मान खाली घालतो आणि माणूस सावध होतो. घोडी तेवढा वेळ देत नाही. एरंडोल रस्त्यावर एका ट्रकने मागून हॉर्न दिला, घोडी उसळली आणि नाना तिच्यामागे फरफटत गेले. फासा आवळलेला, सोडवणार कसा? टपरीवरच्या लोकांनी घोडी अडवली म्हणून निभावलं. उजवा खांदा दुखावला, दोन बोटांची कातडी सोलली गेली आणि मनगटावर काळानिळा पट्टा उमटला.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने सांगून टाकलं की आता नानांनी घोडी धरायची नाही, दुसरा माणूस बघू. त्याचं चूक नव्हतं. वडील असे फरफटत गेल्यावर कोणीही हेच म्हणेल. पण नानांनी उलट उत्तर दिलं नाही, ते मला खटकलं. भाजीतल्या मिठावरून चार वाक्यं ऐकवणारा माणूस आता ताटात येईल ते मुकाट्याने खाऊन उठायला लागला. बाजही त्यांनी फिरवून घेतली, गोठ्याकडे पाठ होईल अशी.

मला कोणताही प्रश्न कागदावर उतरवल्याशिवाय सुचत नाही. किराण्याच्या यादीखालीच लिहून काढलं: दोर बारीक, दोर निसरडा, टोकाला फासा. घोडी यात कुठेच नव्हती आणि नानांचं वयही नव्हतं. मग दोरच बदलायचा. बाजारात चौकशी केली, पण जो तो नायलॉनच दाखवायचा. शेवटी नानांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मला दोर वळता येत नाही, तुमचा हात चालत नाही. दोघांचा मिळून एक माणूस होतो का बघू."

ते बाजेवर माझ्याकडे वळून बसले. मग विचारलं, अंबाडी कुठून आणणार?

अंबाडीवरून आमची पहिली वादावादी झाली आणि मला बरं वाटलं. त्यांचं म्हणणं, दोर म्हणजे अंबाडीचाच, बाकी सगळं नाडीच्या लायकीचं. माझं म्हणणं, सोललेल्या बोटांना अंबाडी टोचणार, आणि कपाशीच्या मुलखात राहून सुताला नाही कशाला म्हणायचं? जळगावला मला काम होतंच. तिथून सतरंजीला लागतं तसं जाड सूत घेऊन आले. नानांनी ते बोटांत चोळून पाहिलं, ओढून पाहिलं आणि उशाशी ठेवलं. म्हणजे पसंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम काढलं. सुताचे भरपूर धागे एकत्र करून एक पदर, असे तीन पदर. एक टोक कडुनिंबाच्या बुंध्याला बांधलं. दुसऱ्या टोकाला आडवी काठी अडकवून प्रत्येक पदराला पीळ भरायचा, ते माझ्याकडे. नाना बाजेवर बसून हुकूम सोडत होते. पीळ भरला की तिन्ही पदर एकत्र आणून उलट्या दिशेने वळायचे, म्हणजे ते एकमेकांना धरून बसतात. पदर वेगळे राहावेत म्हणून नानांनी डाव्या हाताने लाकडाच्या ठोकळ्याला तीन खाचा पाडून दिल्या. ठोकळा पुढे सरकत गेला की मागे दोर तयार.

पहिला दोर बिघडला. मी जोर लावून लावून पीळ भरला होता. जरा ढिला सोडला की तो जागोजागी गुंडाळी करून उभा राहायचा. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले, "हाऊ दोर शे का साप शे, माय? घोडीले धराना शे, भेवाडाना नही."

दोराने घोडीला धरायचं असतं, घाबरवायचं नसतं! फरफटीनंतर त्यांनी केलेली ती पहिली चेष्टा. मी दोर उसवला आणि हलक्या हाताने पुन्हा वळला. या वेळी चांगला झाला. अंगठ्याहून जाड, मऊ, तळहात भरून टाकणारा आणि तरी पकड देणारा.

खरी अडचण टोकाशी आली. मी भाजी टाकायला आत गेले तेवढ्यात नानांनी टोक मागे वळवून फासा करून ठेवला होता. मी सोडला. दुपारी पाहिलं तर पुन्हा फासा. त्यात त्यांचा हट्टही नव्हता. दोराचं टोक हातात आलं की त्यांची बोटं आपोआप तेच करत. मी विचारलं, नाना, हा कशाला? ते म्हणाले, फाशाशिवाय दोर हातातून निसटेल.

"निसटायलाच पाहिजे," मी म्हटलं. "घोडी गेली तर सापडेल. तुम्ही तिच्याबरोबर गेलात तर काय करायचं?"

त्यांना ते पटलं नाही. हातातलं जनावर सुटणं ही त्यांच्या लेखी नाचक्की. शेजारच्या आबांचा बैल एकदा भर बाजारात सुटला, त्यावरून आबांना अजून चिडवतात. मग मीच तोडगा काढला: टोकाला गोंडा बांधायचा, पोळ्याला बैलांना बांधतात तसा. दोर उसवणार नाही, लग्नात शोभेल, आणि हाताला गोंडा लागला की कळेल, दोर संपला, आता सोडायचं. गोंडा म्हटल्यावर नानांचा चेहरा बदलला. लाल आणि पिवळी लोकर मागवून त्यांनी तो स्वतः बांधला.

नवऱ्याला पटवायला आणखी काही दिवस गेले, तोवर नानांचा हातही चालायला लागला. गावातलंच एक लग्न, अंतर थोडं, आणि तो स्वतः घोडीच्या दुसऱ्या अंगाला चालणार, या अटीवर तो कबूल झाला. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते. गाण्यांकडे माझं लक्ष नव्हतं. नानांच्या उजव्या हाताकडे होतं. वेढा नव्हता. दोर नुसता मुठीत, उरलेला घड्या घालून डाव्या हातात.

मारुतीपाशी नवरदेव उतरून आत गेला. माझा नवरा घोडीचं खोगीर नीट करत होता. तेवढ्यात कोणीतरी चमकी उडवायचं ते यंत्र अगदी घोडीच्या कानाशी फोडलं. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि सुटली. माझा नवरा बाजूला फेकला गेला. दोर नानांच्या मुठीतून सळसळत गेला, गोंडा बोटांशी आला आणि त्यांनी मूठ उघडली.

नाना जागेवर उभे होते. हात पुढे, तळवा उघडा, पाय जमिनीवर. मी धावत जाऊन आधी तो हात उलटासुलटा करून पाहिला. लोकरीचा लाल रंग लागला होता, बाकी काही नाही. मी तिथेच पाराच्या कडेला बसले.

घोडी फार लांब गेलीच नव्हती. वेचणी झालेल्या कपाशीत शिरून, पऱ्हाट्यांमध्ये मान घालून उभी होती. तिला तिथे पाहून लोक हसायला लागले. शेजारच्या आबांना तर आयतीच संधी मिळाली. ते मोठ्याने म्हणाले, "काय नाना, सुटनी ना घोडी?"

नानांनी धोतराला हात पुसला.

"सुटनी नही, आबा. मी सोडी दिन्ही."

माझा नवरा कपडे झटकत उठला होता. तो शेतात गेला आणि घोडीला घेऊन आला. नवरदेव पाया पडून बाहेर आला होता, आता त्याला मांडवाकडे न्यायचं होतं. नवऱ्याने दोर हातात धरला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांकडे. मग तो नानांच्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर चहा घेताना तो मला म्हणाला की पुढच्या दोन लग्नांच्या तारखा आल्या आहेत, त्या नानांना सांगून ठेव. मी सांगायला बाहेर गेले. बाज गोठ्याकडे तोंड करून होती आणि नाना गाढ झोपलेले होते, उजवा हात छातीवर. उठवलं नाही.